टांझानियात नोकरीला जाताय? आधी उत्तरं पाठ करा

टांझानियात कामाला येणारी बहुतेक माणसं ‘जाम्बो’ आणि ‘हाकुना माताता’ एवढी स्वाहिली भाषेची शिदोरी घेऊन येतात. दारेसलामच्या ऑफिसात किंवा मोरोगोरोच्या साइटवर त्यातलं काहीच फारसं चालत नाही. ‘जाम्बो’ पर्यटकांसाठी राखून ठेवलेला आहे, इथली माणसं एकमेकांना तो असा सुटा म्हणत नाहीत. आणि खरी अडचण शब्दसंख्येची नसतेच. तुम्ही दारातून आत पाऊल टाकता, तोवर समोरचा बोललेला असतो. त्याने कुठला नमस्कार केला त्यावर तुमचं उत्तर ठरतं, आणि प्रत्येक नमस्काराचं उत्तर पक्कं ठरलेलं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात आपण काय विचारायचं हे न शिकता आपल्याला विचारलं की काय म्हणायचं, ते शिकावं. जेवणाचंही तेच. ‘या जेवायला’ हे तुम्हाला रोज चार जण म्हणणार आहेत. त्यावर काय बोलायचं, कुठे बसायचं, हात कुठे घालायचा हे ठाऊक असलं की पुढचं आपोआप जमतं.

आधी उच्चार, कारण तो मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, पण स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त्यातला ‘आ’ नेहमी पूर्ण आणि शब्दाच्या शेवटीही पूर्ण. मराठीत शेवटचा अ गिळायची सवय असते, ती इथे नडते. ‘सालामा’चं ‘सालाम’ करू नका. जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: ‘कारिबु’त (या, स्वागत) ‘रि’वर, पण अनेकांना म्हणायचं ‘कारिबुनी’ झालं की ‘बु’वर. आपल्याकडे दोन च आणि दोन ज आहेत, त्याचा इथे फायदा होतो. ‘चाई’तला च ‘चहा’तला, ‘चमच्या’तला नव्हे. ‘हुजाम्बो’तला ज ‘जय’मधला. रोमन झेडचा उच्चार मात्र ‘जरा’तल्या ज च्या जवळ जातो. तो मी खाली झ ने लिहिलाय, पण ह मिसळून म्हणू नका. ‘म्झेए’ म्हणजे वडीलधारा माणूस. त्यातला म् ओठ मिटून स्वतंत्र म्हणायचा आणि जोर ‘झे’वर द्यायचा. ‘मुझे’ किंवा ‘मझी’ असं काहीतरी कानावर पडलं की समोरच्याला तुम्ही कुणाला हाक मारताय ते कळत नाही.

वय आधी, हुद्दा नंतर

टांझानियात सगळ्यात जास्त लक्ष द्यायचा नमस्कार म्हणजे ‘शिकामोओ’. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला तो आपण करायचा. उत्तर एकच: ‘माराहाबा’. मोठे एकत्र बसले असतील तर ‘शिकामोओनी’.

मोठं म्हणजे किती मोठं? आईवडिलांच्या वयाचं कुणीही असेल तर प्रश्नच नाही. दहाएक वर्षांचं अंतर दिसत असेल तरी म्हणावं. दोन-चार वर्षांच्या फरकाला ‘हाबारी’ (काय खबर?) पुरतं, आणि पस्तिशीच्या सहकारी बाईंना पंचविशीतल्या कुणी ‘शिकामोओ’ केलं तर त्यांना ते आवडेलच असं नाही. अंदाज येत नसेल तर ऑफिसातली त्याच वयाची इतर मुलंमुली त्या माणसाला काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा.

इथे नवखे लोक हमखास अडखळतात ते हुद्द्यावर. रात्रपाळीचा ‘म्लिन्झी’, म्हणजे पहारेकरी, साठीचा असेल आणि तुम्ही बत्तीस वर्षांचे प्रोजेक्ट मॅनेजर असाल, तर ‘शिकामोओ’ तुम्ही करायचा. ड्रायव्हर, स्वयंपाकीण, स्टोअरकीपर, सगळ्यांना हाच नियम. पद मोठं म्हणून वय लहान होत नाही. याउलट वीस-बावीसची शिकाऊ मुलं तुम्हाला ‘शिकामोओ’ करतील तेव्हा ‘आसांते’ (धन्यवाद) म्हणू नका, नुसतं हसू नका आणि उलट ‘शिकामोओ’ तर अजिबात करू नका. ‘माराहाबा’ एवढंच, आणि लगेच ‘हुजाम्बो?’ (बरा आहेस ना?) विचारा. नमस्कार घेतला गेला नाही तर तो हवेत लोंबकळत राहतो. धाकट्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

संपूर्ण देवाणघेवाण साधारण अशी चालते:

‘शिकामोओ, म्झेए.’
‘माराहाबा. हुजाम्बो?’
‘सिजाम्बो. हाबारी झा न्युंबानी?’
‘न्झुरी. हाबारी झा काझी?’
‘न्झुरी तु.’

‘हुजाम्बो’ला ‘सिजाम्बो’, आणि अनेकांना विचारलेल्या ‘हामजाम्बो’ला ‘हातुजाम्बो’. ‘हाबारी’च्या पुढे काहीही जोडता येतं: झा आसुबुही (सकाळची), झा म्चाना (दुपारची), झा जिओनी (संध्याकाळची), झा काझी (कामाची), झा न्युंबानी (घरची), झा सफारी (प्रवासाची), झा वातोतो (मुलांची), झा सिकु न्यिंगी (खूप दिवसांनी भेटल्यावर). यातल्या कशालाही उत्तर ‘न्झुरी’, ‘न्जेमा’ किंवा ‘सालामा’, म्हणजे छान, ठीक. म्हणजे प्रश्न शेपन्नास आले तरी तीन शब्दांत भागतं. सकाळी ‘उमेआम्काजे?’ असं विचारलं, म्हणजे उठलास कसा, तर ‘सालामा’.

अंगात ताप असला तरी पहिलं उत्तर ‘न्झुरी’च. नंतर ‘लाकिनी...’ (पण...) म्हणून काय होतंय ते सांगा. सुरुवातीलाच रडगाणं लावलं तर समोरचा गोंधळतो, कारण त्याने अजून प्रकृती विचारलेलीच नसते, फक्त दार उघडलेलं असतं.

बरोबरीच्या आणि तरुण मंडळींत ‘माम्बो?’ किंवा ‘विपी?’ (कसं काय?) चालतं. उत्तर ‘पोआ’, ‘साफी’ किंवा ‘फ्रेशी’. दोन्ही वह्या एकत्र करू नका. ‘माम्बो’ला ‘न्झुरी’ म्हटलं तर फार बिघडत नाही, पुस्तकी वाटतं इतकंच. पण साठीच्या माणसाला ‘माम्बो’ केलं, किंवा त्याच्या ‘हाबारी’ला ‘पोआ’ म्हटलं, तर ते उर्मट दिसतं आणि बराच काळ लक्षात राहतं.

हाक मारताना नावापेक्षा नातं पुढे ठेवतात. मोठ्या पुरुषाला म्झेए किंवा बाबा, मोठ्या बाईला मामा, आजीच्या वयाच्या बाईंना बीबी, बरोबरीच्यांना काका (भाऊ) आणि दादा. हा ‘दादा’ म्हणजे बहीण, हे मराठी डोक्याला पचायला जरा वेळ लागतो, पण पाठ करावंच लागतं. कारागिराला ‘फुंदी’, शिक्षकाला ‘म्वालिमु’. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शिक्षक होते आणि आजही त्यांना म्वालिमुच म्हणतात. मुलं झालेल्या बाईला बहुधा थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने ओळखतात: अमक्याची मामा.

हा सगळा खटाटोप देशभर उपयोगी पडतो. टांझानियात १२०हून अधिक जमाती आहेत, घराघरात वेगळी भाषा आहे, पण म्वान्झापासून म्त्वारापर्यंत बाजारात, बसमध्ये, कचेरीत स्वाहिलीच. १९५४ साली न्येरेरेंच्या टानू पक्षाची स्थापना ७ जुलैला झाली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीने हीच भाषा हाताशी धरली. युनेस्कोने २०२१मध्ये जागतिक स्वाहिली दिनासाठी तीच तारीख निवडली. केनियात गेलात तर चित्र बदलतं. मोंबासाच्या किनारपट्टीवर ‘शिकामोओ’ ऐकू येईल, नैरोबीत फारसं नाही. तिथे ‘हाबारी याको?’ सगळ्यांना चालतं आणि तरुण पोरं ‘सासा?’ किंवा ‘निआजे?’ म्हणतात. उत्तर ‘पोआ’ किंवा ‘फिती’. झांझिबारला मुसलमान वस्ती मोठी, तिथे ‘अस्सलामु अलैकुम’ आधी येतो.

नमस्काराला वेळ द्या. हस्तांदोलन झाल्यावर हात लगेच सोडत नाहीत, विचारपूस संपेपर्यंत धरून ठेवतात. मोठ्या माणसाशी हात मिळवताना डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या हाताला मनगटापाशी किंवा कोपराजवळ आधार द्यायचा. किनारपट्टीवर आणि झांझिबारला बाईंनी हात पुढे केला नाही तर आपणही करू नये. छातीवर हात ठेवून मान लववली की पुरे. सकाळी ऑफिसात शिरल्यावर खोलीत आठ जण असतील तर आठांनाही भेटायचं, किमान ‘हाबारी झेनु?’ सर्वांना मिळून. फोनवरही तसंच. कॉल लागल्या लागल्या ‘ती फाइल पाठवली का’ म्हटलं की काम लांबणीवर पडलंच समजा. अर्धा मिनिट ख्यालीखुशाली, मग फाइल. दुकानातही मीठ मागण्याआधी ‘हाबारी’, आणि मागताना ‘नाताका’ नको, ‘नाओंबा’ म्हणा. ‘नाताका’त नुसतं ‘मला हवंय’ असतं, ‘नाओंबा’त विनंती असते.

आणखी चार शब्द नमस्काराइतकेच लागतात. कुणाच्या दारात गेल्यावर ‘होदी!’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘कारिबु’ येईपर्यंत उंबरठ्याबाहेर थांबायचं. तीनदा हाक देऊन उत्तर नाही आलं तर परतायचं, डोकावायचं नाही. ‘पोले’ म्हणजे तुझ्या त्रासाची मला जाणीव आहे. कुणी ठेचकाळलं, आजारी पडलं, लांबून प्रवास करून आलं (‘पोले ना सफारी’), उन्हात काम करत असलं (‘पोले ना काझी’), तिथे म्हणायचं. उत्तर ‘आसांते’. चूक आपली असेल तर मात्र ‘सामाहानी’. ही दोन उलटसुलट झाली की गैरसमज होतो: तुमच्या गाडीने कुणाची बादली उडवली आणि तुम्ही नुसतं ‘पोले’ म्हणालात, तर ते माफी मागणं ठरत नाही. आणि आनंदाच्या बातमीला ‘होंगेरा’.

‘कारिबु चाकुला’

जेवत असलेला माणूस जवळून जाणाऱ्या कुणालाही ‘कारिबु’ (‘कारिबु चाकुला’, या जेवायला) म्हणतो. बसमध्ये शेजारचा केळं सोलताना म्हणेल, गवंडी डबा उघडताना म्हणेल. बसायचं नसेल तर ‘आसांते, निमेशिबा’ (पोट भरलंय) एवढं पुरेसं आहे. न बोलता पुढे जाणं मात्र वाईट दिसतं. साइटवर किंवा ऑफिसात ओळखीच्यांनी बोलावलं तर निदान एक घास घ्यावा. आणि आपण डबा उघडला की आपणही आजूबाजूच्यांना ‘कारिबुनी’ म्हणायचं, मग खायचं. कोपऱ्यात जाऊन एकट्याने जेवणारा माणूस इथे आजारी किंवा रागावलेला समजला जातो.

कामाच्या ठिकाणी पहिली पंगत दुपारी नव्हे, सकाळी दहाला बसते: ‘चाई या साआ न्ने’, म्हणजे स्वाहिली घड्याळाने चौथ्या तासाचा चहा. चहाबरोबर चपाती, मांदाझी (तळलेल्या गोडसर पुऱ्या) किंवा तांदळाचे गोड वितुंबुआ. टांझानियात दूध नसलेला चहा, ‘चाई या रांगी’, सर्रास मिळतो. दुधाचा हवा असेल तर ‘चाई या माझिवा’ असं वेगळं सांगा. मीटिंग दहा ते साडेदहा ठेवू नका.

दुपारी बहुतेक जण ‘मामा न्तिलिये’कडे जातात. रस्त्याकडेला पातेली मांडून बसणाऱ्या बायका, त्यांना मामा लिशेही म्हणतात. ताटात भात किंवा उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा), वर माहारागे (घेवड्याची उसळ), मासा किंवा मटण, बाजूला थोडी पालेभाजी, बहुधा केळ्याचा तुकडा. साडेबारानंतर चांगली पातेली रिकामी होऊ लागतात, तेव्हा उशीर करू नये.

शाकाहारी माणसाने इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘म्बोगा’ म्हणजे भाजी असं शब्दकोश सांगतो, पण जेवणात उगालीबरोबर तोंडी लावायला जे काही असेल ते सगळं म्बोगा, मग तो मासा असो की मटण. पालेभाजी हवी तर ‘म्बोगा झा माजानी’ म्हणा. दुसरं, ‘सिली न्यामा’ (मी मांस खात नाही) एवढ्याने भागत नाही. अनेकांच्या लेखी न्यामा म्हणजे गाय-बकऱ्याचं मांस, कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य असं: ‘सिली न्यामा, कुकु, वाला सामाकी.’ तिसरं, पालेभाजीत डागा टाकलेले असू शकतात. हे सरोवरातले बोटभर वाळलेले मासे, तुकडे झाल्यावर ओळखूही येत नाहीत. म्हणून ताट घेण्याआधी ‘कुना न्यामा अउ डागा न्दानी?’ विचारा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ‘कारांगा’ हा शब्द लक्षात ठेवा. म्चिचा (माठ) आणि किसाम्वु (कसाव्याचा पाला) दाण्याच्या कुटात किंवा नारळाच्या दुधात शिजवतात. उपवास असेल तर ‘लेओ निमेफुंगा’ म्हणा. हे कारण इथे सगळ्यांना कळतं, कुणी आग्रह करत नाही.

सिनियाभोवती

घरच्या पाहुणचारात, लग्नात, ईदला, रमजानच्या इफ्तारीला जेवण एकाच मोठ्या गोल परातीत येतं. ती ‘सिनिया’. जमिनीवर ‘म्केका’, म्हणजे पामच्या पानांची विणलेली चटई, आणि एका सिनियाभोवती चार ते सहा माणसं. चपला चटईबाहेर. किनारपट्टीवर पुरुष आणि बायका बहुधा वेगळ्या बसतात, मुलांची सिनिया वेगळी.

बसण्याआधी हात. घरातलं तरुण माणूस ‘बिरिका’ (तोटीचा तांब्या) आणि ‘बेसेनी’ घेऊन फिरतं. तुम्ही हात बेसेनीवर धरायचे, ती व्यक्ती पाणी ओतते, साबण लावून चोळायचे, पुन्हा पाणी, मग ‘आसांते’. बेसेनीतल्या पाण्यात हात बुडवू नका, तिथे आधीच्या माणसाचं पाणी असतं. मोठ्यांपासून सुरुवात होते, पण पाहुण्याला कधी कधी आधी देतात. हल्ली पुष्कळ घरांत नळाची बादली असते, तिथे आपणच उठून जायचं. हा भाग उरकून टाकायचा नाही. सहा जणांचा हात एका ताटात जाणार असतो आणि प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या धुण्याकडे असतं. गावात कॉलरा किंवा तशी साथ असेल तर वेगळी ताटली मागायला संकोच करू नका, यजमानही तेच करतील.

मांडी घालून ताटासमोर सरळ बसलात तर सहा माणसं मावत नाहीत. थोडं तिरकं, उजवा खांदा परातीकडे करून बसा. कुणीतरी ‘बिस्मिल्लाही’ म्हणतो किंवा ख्रिस्ती घरात छोटी प्रार्थना होते. तोवर हात मांडीवर. घरातल्या मोठ्याने हात घातला की सुरुवात.

खाण्यासाठी फक्त उजवा हात, डावा परातीच्या वर येऊच द्यायचा नाही. तुमच्या पुढ्यातला पाचराच्या आकाराचा भाग तेवढा तुमचा. पिलाव असेल तर मटणाचे तुकडे मधोमध असतात. ते आधी उचलायचे नाहीत. भात थोडा कमी झाल्यावर मोठा माणूस किंवा यजमान तुकडे मोडून एकेकाच्या बाजूला सरकवतो. रस्सा वाटीतून आपल्या पुढ्यातल्या भातावरच घ्यायचा. आपण सवयीने सगळा भात कालवायला घेतो आणि रस्सा शेजाऱ्याच्या हद्दीत जातो, तेवढं सांभाळा. पिलावाबरोबर कांदा-टोमॅटोची काचुंबारी आणि पिकलं केळं येतं. केळं भाताबरोबरच खायचं, शेवटी ठेवायचं नाही. तिखट स्वयंपाकात घातलेलं नसतं, ‘पिलिपिली’ वेगळी येते. ती आपल्या कोपऱ्यातच घ्यावी. कच्ची काचुंबारी आणि न उकळलेलं पाणी पहिले दोन-तीन आठवडे टाळलेलं बरं. पाणी मागताना ‘नाओंबा माजी या चुपा’, बाटलीचं.

उगालीचा घास वेगळ्या तऱ्हेने होतो. गोळ्याच्या कडेचा लिंबाएवढा तुकडा तोडायचा, कारण मधला भाग बराच वेळ चटका देतो. तळहातात न घेता बोटांच्या पेरांवर दोन-चारदा वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्या खळग्यात भाजी किंवा रस्सा उचलून सरळ तोंडात. या घासाला ‘तोंगे’ म्हणतात. अर्धा चावलेला तोंगे पुन्हा सामाईक वाटीत बुडवणं ही इथली सगळ्यात वाईट चूक, त्यामुळे घास एका वेळी खाता येईल एवढाच घ्या.

आग्रह होतो. ‘ओंगेझा!’ म्हणजे अजून घे. खरंच पुरे असेल तर ‘इनातोशा, निमेशिबा, चाकुला कितामु साना’ (पुरे, पोट भरलं, जेवण फार छान). पण पाहुण्याने पहिल्या पाच मिनिटांत हात थांबवला तर बाकीच्यांनाही अवघडल्यासारखं होतं. हळूहळू, लहान घास घेत शेवटपर्यंत सोबत करावी. जेवण संपल्यावर पुन्हा बिरिका फिरते, ती येईपर्यंत उठू नका.

घरी उगाली घालायची झाली तर

काही महिन्यांत तुमच्या क्वार्टरवर सहकारी जेवायला येतील. सगळं आपलं करून घाला, पण एक पातेलं उगाली असू द्या, नाहीतर अनेकांना जेवल्यासारखं वाटत नाही. चार जणांना एक लिटर पाणी आणि साधारण अर्धा किलो मक्याचं पीठ. पांढरं चाळलेलं ‘सेंबे’ घ्या. ‘डोना’ हे कोंड्यासकटचं पीठ पौष्टिक असतं पण हाताला जड लागतं.

पाऊण लिटर पाणी उकळायला ठेवा. मूठभर-दोन मुठी (शंभर ग्रॅम) पीठ उरलेल्या पाव लिटर गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा. पातळ पेज होते, ती पाच मिनिटं शिजू द्या. तिचे बुडबुडे फुटून हातावर उडतात आणि चांगलंच भाजतं, म्हणून झाकण थोडं तिरकं ठेवा. मग आच कमी करून बाकीचं पीठ तीन-चार वेळा घाला. आता ढवळायचं नाही, ‘म्विको’ने, म्हणजे लाकडी उलथन्याने, पीठ पातेल्याच्या भिंतीवर दाबून पुन्हा मध्ये ओढायचं. ‘सुफुरिया’ला, म्हणजे इथल्या पातेल्याला, कान नसतात, दुसऱ्या हातात जाड फडकं हवंच. आठ-दहा मिनिटांत गोळा भिंती सोडतो आणि मक्याचा भाजका वास येतो. मीठ घालत नाहीत.

गाठी होतात त्या पेज न करता सगळं पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे: बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडं अडकतं. खाताना घशात पीठ लागलं तर पेज पुरती शिजली नव्हती. ताटात पसरली तर पीठ कमी पडलं. पुन्हा चुलीवर ठेवून मूठभर घाला, मात्र त्यानंतर पाच मिनिटं तरी मळत राहा.

बोलावणं आलं की घड्याळ तपासा

स्वाहिली दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सातला ‘साआ मोजा’, म्हणजे पहिला तास. आठला साआ म्बिली, दहाला साआ न्ने, बाराला साआ सिता, दुपारी एकला साआ साबा. रात्रीच्या जेवणाचं बोलावणं ‘साआ म्बिली उसिकु’ असेल तर ते रात्री आठचं. घड्याळात तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचला की स्वाहिली वेळ मिळते. इंग्रजीत बोलणारा सहकारीही मनातल्या मनात भाषांतर करताना ‘टू’ म्हणून जातो आणि त्याला आठ म्हणायचं असतं, तेव्हा सकाळ-दुपार-रात्र विचारून घ्या.

रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन किलो साखर, तांदूळ, फळं किंवा सोड्याच्या बाटल्या नेतात, फुलं नाही. हॉटेलात बोलावणाराच पैसे देतो. ‘न्यामा चोमा’च्या (भाजलेल्या मटणाच्या) ठिकाणी मटण किलोवर आणि कच्चं तोलून मिळतं. हाडासकट एक किलो दोन-तीन जणांना पुरतं आणि भाजायला पाऊण तास सहज लागतो, म्हणून पोचताच सांगून टाका.

रमजानमध्ये झांझिबारला दिवसा रस्त्यात खाणं-पिणं टाळा. सूर्यास्त वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान, त्या वेळी ‘फुतारी’ला (इफ्तारीला) बोलावणं आलं तर खजूर घेऊन वेळेआधी जा. दुःखाच्या घरी, ‘म्सिबा’ला, सहकारी सगळे जातात आणि वर्गणी काढतात. तिथे ‘शिकामोओ’-‘हाबारी’ची लांबण लावायची नाही, ‘पोलेनी ना म्सिबा’ म्हणून बसायचं. जेवण आलं तर नको म्हणू नये, घरच्यांसोबत चार घास घेणं हेच तिथलं सांत्वन आहे.

निघताना ‘नाओंबा रुहुसा’ म्हणून परवानगी मागतात. यजमान दारापर्यंत नव्हे, रस्त्यापर्यंत किंवा बस मिळेपर्यंत सोबत येतो, त्याला अडवू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात भेटल्यावर तो ‘हाबारी झा तांगु जाना?’ विचारेल, म्हणजे कालपासून कसं काय. उत्तर ‘सालामा’, आणि त्याला जोडून ‘आसांते क्वा चाकुला’ पुन्हा एकदा.